कुणीतरी मोठ्यानं वाचायचं

आमच्या लहानपणी निपाणीच्या पंचक्रोशीत वाचणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ होते. साने गुरुजींनी १९४८ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू केलेल्या ‘साधना’चा एकच अंक वाचनालयात यायचा, पण तो गावाला पुरायचा. दिवेलागणीनंतर आमच्या शाळेचे गुरुजी वाचनालयाच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचे आणि येणारा-जाणारा टेकायचा.

वखारीतून परतलेल्या बायका थोड्या मागं, भिंतीला धरून बसत. दिवसभर तंबाखू चाळून अंगाला खकाणा चिकटलेला असायचा. नाकातोंडावर पदर बांधूनही ठसका जायचा नाही, त्या आल्या की आम्हा पोरांना शिंका यायच्या. एकदा गुरुजींनी अनिल अवचटांचा लेख वाचायला घेतला. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांवरचाच. बायका आधी गप्प झाल्या. मग एकीनं मध्येच थांबवलं, “गुरुजी, पगाराचं बरुबर लिवलंय, पर मुकादम बोलतो कसं त्ये न्हाई लिवलं.” आणि तिनं ते सांगितलं. मग दुसरीनं, मग तिसरीनं. लेख त्या दिवशी पुरा झालाच नाही. घरात जे कधी कुणी बोललं नव्हतं, ते छापलेल्या कागदाच्या आधारानं चारचौघांत बोललं गेलं.

मोठ्यानं वाचून दाखवायची ही आपल्याकडची जुनीच रीत. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातली सुरुवातीची प्रकरणं ‘दीनबंधु’त छापून आली आणि पुढची छापायला संपादक कचरले. जोतीराव थांबले नाहीत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, जिथं जमेल तिथं त्यांनी तो वाचून दाखवला. सयाजीराव गायकवाडांनीही ऐकला. त्या पुस्तकात जातीची गुलामी आहे, तसंच सरकारी जंगलखात्यानं गरिबाच्या गुरांची चराई हिरावली तेही आहे, आणि डोंगरावरून वाहून जाणारी कसदार माती बांध घालून शेतात कशी अडवावी, हेसुद्धा. माणसावरचा अन्याय आणि मातीवरचा अन्याय असे दोन कप्पे जोतीरावांनी केले नाहीत. आपण ते पुढं केले, आणि त्यात आपलं नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं.

आता वाचनालय आहे, पायरीवर मात्र कुणी नसतं. तरीही तेव्हाचं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. वखारीतल्या बाईचं दुःख लिहायला तेव्हा पुण्याहून माणूस यावा लागायचा. आज तिची नात स्वतः बोलते, स्वतः लिहिते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात गाणारीच्या आवाजात, तिच्या नावासकट ऐकू येतात. हे माझ्या आईच्या पिढीला मिळालं नाही. तिच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या.

पण ऐकणारे विखुरले, त्याची मला रुखरुख लागते. हल्ली मी शिरोळ तालुक्यात राहतो. कोल्हापूरचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं पाणी, साखर कारखान्यांची मळी असं सगळं पोटात घेऊन पंचगंगा आमच्यापर्यंत येते. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो, कडेला जलपर्णी कुजते, वास घरात शिरतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोरीनं त्याचा व्हिडिओ केला. चांगला केला होता. काठावरच्या कोळ्यांशी बोलली होती, पाण्याला वास कधीपासून येतोय ते विचारलं होतं. तो प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला. प्रत्येकानं आपापल्या खाटेवर पडून बघितला, हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि पुढचा व्हिडिओ लावला. एवढ्या गावानं बघूनही दोन माणसं त्यावर एकमेकांशी बोलली नाहीत.

मी तिला म्हटलं, “बाळ, हा पडद्यावर लाव, सगळ्यांना एकत्र बसवून.” तिनं ग्रामपंचायतीकडून प्रोजेक्टर मिळवला आणि देवळासमोर चादर बांधली. व्हिडिओ पाच-सात मिनिटांचा. तो संपल्यावर प्रोसेसमध्ये कामाला जाणारा एक जण उठला. “पाणी घाण होतंय, मान्य. पर प्रोसेस बंद केली तर आमची चूल कशी पेटायची?” त्यावर एका कोळ्याची बायको ताडकन म्हणाली, “आमची इजून किती वर्षं झाली, ते इचारलं का कुणी?”

व्हिडिओत हे दोन्ही प्रश्न नव्हते. पाणी सोडायच्या आधी शुद्ध करायचा खर्च कुणी करायचा, मालकानं की सरकारनं, तो वाचवण्यासाठी रात्री नाल्यात काय सोडतात, त्याला जबाबदार कोण, यावर साडेदहापर्यंत घमासान झालं. कामगार आणि कोळीण एकमेकांवर ओरडली, मग दोघंही सरपंचांवर. शेवटी येत्या रविवारी नाल्याच्या तोंडापर्यंत चालत जायचं ठरलं, आणि त्या कामगारानंच वाट दाखवायचं कबूल केलं.