एकच दार असलेलं मैदान

बालमित्रांनो, ग्रीस देशाचा नकाशा समोर घ्या पाहू. देशाच्या साधारण मध्यावर, पूर्वेच्या एजियन समुद्राकडे जरा सरकलेला, एक हिरवा ठिपका दिसेल. भोवती सगळा तपकिरी रंग, म्हणजे डोंगर, आणि मधोमध हा हिरवा. हाच थेसली प्रांत. १८८१ सालापर्यंत तो तुर्की साम्राज्यात होता, मग ग्रीसला मिळाला.

थेसलीचा आकार कसा? अगदी कणीक मळायच्या परातीसारखा! पश्चिमेला पिंडस पर्वताची रांग, दक्षिणेला ओथ्रिस, पूर्वेला समुद्राला खेटून ओसा आणि पेलिऑन, तर उत्तरेला ऑलिंपस. हा ग्रीसमधला सर्वांत उंच पर्वत, सुमारे २,९१८ मीटर. जुन्या ग्रीकांचे देव तिथेच राहायचे. या सगळ्या काठांवरून ओढे-नद्या परातीत उतरतात आणि पिनिओस नदीला मिळतात. आता सांगा, परातीतलं पाणी बाहेर जाणार कुठून?

दार एकच आहे. ऑलिंपस आणि ओसा यांच्यामधली टेंपेची अरुंद घळ. लांबी सुमारे १० किलोमीटर. हिरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने चोवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे, की पूर्वी सगळा थेसली म्हणजे एक तळंच होतं असं म्हणतात. लोक सांगत, पोसायडन देवाने डोंगर फोडून पाण्याला वाट दिली. हिरोडोटस मोठा चतुर! तो म्हणतो, भूकंप घडवणारा पोसायडनच असं मानत असाल तर तसं म्हणा. मला ही भेग भूकंपाने पडलेली दिसते.

या मैदानात गहू पिकतो आणि कापूस पिकतो. कापसाला उन्हाळ्यात पाणी फार लागतं, आणि ग्रीसमध्ये पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात. तेव्हा पाण्यावरून ओढाताण ठरलेलीच.

आता तिथला कारभार पाहू. कंटाळू नका हं, पुढची गोष्ट यावरच उभी आहे. ग्रीसमध्ये १३ प्रांत आहेत. २०११ सालापासून प्रांताचा प्रमुख लोक मतं देऊन निवडतात. प्रांताच्या खाली नगरपालिका. तिला ग्रीक शब्द ‘दिमोस’, म्हणजे लोक. डेमोक्रसी या शब्दातला पहिला अर्धा भाग तोच, बरं का! ही नवी रचना ज्या योजनेने आली तिचं नाव ‘कल्लिक्रातिस’. पार्थेनॉन मंदिर बांधणाऱ्या वास्तुविशारदांपैकी एकाचं हे नाव. सरकारी योजनेला गवंडीकाम जाणणाऱ्याचं नाव द्यावं, हे मला तरी फार आवडलं.

थेसलीचे पाच विभाग आहेत: लारिसा, त्रिकाला, कार्दित्सा, मॅग्नेसिया आणि स्पोराडीज बेटं. लारिसा ही राजधानी, पिनिओसच्या काठी. व्होलोस हे बंदर. त्रिकालाजवळ मेतेओराचे उभे सुळके आणि त्यांच्या माथ्यांवर बांधलेले मठ. तिथे पर्यटकांची रीघ असते. निवडून दिलेल्या प्रांतप्रमुखाखेरीज केंद्र सरकारने नेमलेला एक अधिकारीही लारिसात बसतो. तो थेसली आणि शेजारचा प्रांत मिळून पाहतो. म्हणजे एक लोकांनी निवडलेला, एक वरून नेमलेला. वर मंत्रालय, खाली नगरपालिका, शिवाय शेतीच्या पाण्याच्या स्थानिक संस्था. पाणी मात्र एकच!

लारिसाच्या आग्नेयेला पूर्वी कार्ला नावाचं मोठं तळं होतं. पिनिओसला पूर आला की जास्तीचं पाणी तिकडे पसरायचं. काठावर कोळी राहत, मासे धरत. पण पुराने शेतं बुडत आणि डासांमुळे हिवताप पसरे. म्हणून डोंगरातून बोगदा खणून १९६२ साली तळ्याचं पाणी व्होलोसजवळच्या आखातात सोडून दिलं. जमीन मिळाली, कोळ्यांचा धंदा गेला. पुढे शेतकरी विहिरी खोल खोल नेत गेले आणि जमिनीतलं पाणी आटत चाललं. मग काय, तळं आटवणाऱ्या सरकारनेच काही वर्षांनी बांध घालून पूर्वीपेक्षा लहान तळं पुन्हा करायला घेतलं!

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘डॅनियल’ नावाचं वादळ आलं. पेलिऑनवरच्या झागोरा गावी एका दिवसात ७५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लारिसा शहरात अख्ख्या वर्षात ४०० मिलिमीटरच्या थोडाच वर पडतो, यावरून अंदाज करा. परात काठोकाठ भरली, आणि दार ते एकच. कार्दित्सा विभागातली गावंच्या गावं छपरापर्यंत बुडाली. लोकांना नावांतून आणि हेलिकॉप्टरमधून काढावं लागलं. १७ माणसं दगावली. कार्ला तळं तर आपली जुनी जागा शोधत कित्येक पट पसरलं. माणसांनी नकाशावरून पुसलं होतं, पाण्याने ते लक्षात ठेवलं होतं.

नद्यांचे बांध कुणी पाहायचे होते? मंत्रालयाने, प्रांताने की नगरपालिकेने? महिन्याभरातच निवडणूक होती. २०११ पासून गादीवर असलेले प्रांतप्रमुख हरले आणि थेसली विद्यापीठातले जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक दिमित्रिस कुरेतास निवडून आले.

तरी भांडण मिटलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये व्होलोसच्या बंदरात मेलेल्या माशांचा खच पडला. पुराने गोड्या पाण्यातले मासे जागचे हलवले होते. तळ्याकडून वाहत ते खाऱ्या समुद्रात पोचले आणि मेले. १०० टनांहून जास्त मासे उचलावे लागले. शहरभर दुर्गंधी, हॉटेलं ओस. नदीच्या तोंडाशी जाळी लावली असती तर मासे अडले असते. पण ती लावायची कुणी, यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. त्याच वर्षी थेसलीच्या पाण्यासाठी एक वेगळी संस्था कायद्याने काढण्यात आली.

आणि बुडालेल्या गावांचं काय? मेतामोर्फोसी नावाचं एक छोटं शेतकरी गाव आहे. पुरानंतर तिथल्या लोकांनी मतदान केलं. प्रश्न एकच होता: इथेच घरं दुरुस्त करायची, की सगळं गावच उचलून दुसरीकडे न्यायचं? शेती तिथे, आजी-आजोबांची घरं तिथे. तरीही बहुतेकांनी मत दिलं, गाव हलवा.