मॅन्लिखर आणि मौझर

परवान्याच्या नूतनीकरणासाठीं परवां कचेरींत गेलों असतां तेथील एका तरुण कारकुनानें कागदांवरची नजर वर न उचलतांच मला विचारलें, "काका, शिकार तर केव्हांच बंद झाली. मग ही रायफल ठेवतां कशाला?" प्रश्न सरळ होता आणि त्यामागें कुत्सितपणाही नव्हता. पण मला उत्तर सुचेना. "वडिलोपार्जित आहे," एवढेंच पुटपुटून मी बाहेर पडलों. प्रश्न मात्र घरापर्यंत माझ्या मागोमाग आला.

रायफल आहे ऑस्ट्रियांतील स्टायर गांवची, १९०३ सालच्या नमुन्याची मॅन्लिखर-शोनॉवर. माझे आजोबा जालन्यास वकिली करीत. तेव्हां जालना निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हावयास १९८१ साल उजाडावें लागलें. हैदराबादेंतला कोणी इंजिनियर विलायतेस परत जातांना आपलें सामान विकीत होता. त्याच्याकडून आजोबांनीं १९३६ सालीं हाली शिक्क्याचे रुपये मोजून ती घेतली आणि आजीला सांगितलें, कीं अशिलानें फीबद्दल दिली. आजीनें तें शेवटपर्यंत खरें मानलें नाहीं.

तिचें रूप पाहिलें म्हणजे आजोबांना अशी थाप मारण्याचा मोह कां झाला हें समजतें. अक्रोडाच्या लांकडाचा दस्ता थेट नळीच्या टोंकापर्यंत गेलेला. बोल्टची मूठ इतर रायफलींसारखी गोल नसून चमच्यासारखी चपटी, अंगाला चिकटून बसणारी. ओट्टो शोनॉवर यानें योजलेली काडतुसांची पेटी म्हणजे तर नवलच. तिच्यांतला लहानसा रहाट पांच काडतुसें पोटांत घेऊन फिरतो. बोल्ट मागेंपुढें केला कीं एकेक काडतूस विहिरीच्या पोहऱ्यासारखें वर येतें, आणि सगळीं काढावयाचीं असल्यास एक कळ दाबतांच तीं भराभर बाहेर पडतात. दस्त्याच्या टाचेंत झांकण आहे. तें उघडलें कीं आंत नळी साफ करण्याच्या गजाचे तुकडे नीट बसविलेले दिसतात. लहानपणीं हें सारें मी तासन् तास पाहत बसत असें.

शेजारच्या खाँसाहेबांची रायफल मौझर होती. जर्मनींतील ओबर्नडॉर्फची, १८९८ सालच्या रचनेची, ९.३ मिलिमीटरची. संध्याकाळीं दोघे ओट्यावर बसले कीं कज्जा सुरू होई. खाँसाहेबांचें म्हणणें असें, कीं मौझरच्या बोल्टवरची लांब पोलादी नखी काडतूस पेटींतून सुटतांच त्याची कड पकडते आणि बार झाल्यावर रिकामें काडतूस बाहेर फेंकीपर्यंत सोडीत नाहीं. रायफल तिरपी धरा, उलटी धरा, काडतूस अडकावयाचें नाहीं. "वकीलसाहेब, तुमची मेम देखणी खरी, पण रानडुकरापुढें मला माझा पैलवान बरा!" त्यांची गोळी सुमारें साडेअठरा ग्रॅमची, आजोबांची जेमतेम साडेदहाची. आजोबा म्हणत, "खाँसाहेब, डुक्कर वजनानें मरत नाहीं, जागेनें मरतें. तुमचा पैलवान खांद्याला असा हिसका देतो, कीं चाप ओढण्याआधींच माणूस डोळे मिटतो."

एका बाबतींत मात्र आजोबा हरत. मॅन्लिखरचा बोल्ट मागें ओढतांना त्याची मूठ वरच्या पुलाच्या मधल्या खांचेंतून जाते. त्यामुळें त्या जागीं दुर्बीण ठेंगणी बसवितां येत नाहीं. आजोबांनीं कोठूनशी एक दुर्बीण मिळवून उंच बैठकीवर बसविली, तर नेम धरतांना गाल दस्त्यास टेकेना. "मेमनें उंच टोपी घातली," असें खाँसाहेब म्हणाले. तेव्हांपासून दुर्बीण पेटींत पडली ती पडलीच. अंबडकडचे एक पाटील कधीं कधीं आपली .३१५ ची देशी रायफल घेऊन या वादांत भाग घेत. फौजेची .३०३ सामान्य माणसाला मिळत नसल्यानें ही .३१५ आपल्या देशांत रूढ झाली. आणि गंमत अशी, कीं तिचें काडतूस मूळचें ऑस्ट्रियाच्या फौजेच्या आठ मिलिमीटर मॅन्लिखरचें. "पाटील, तुम्हीही आमच्याच पंथाचे," असें म्हणून आजोबा आपला पक्ष वाढवून घेत.

त्यांच्याबरोबर रानांत जावयास मला एकदांच मिळालें, १९६९ सालीं, दुधनेच्या कांठीं. आजोबांच्या रायफलीला दोन चाप आहेत. मागचा ओढला कीं बारीक आवाज होतो आणि पुढचा इतका हलका होतो, कीं बोट नुसतें टेकलें तरी बार उडावा. ज्वारीच्या कडेला काळवीट उभा होता. आजोबांनीं मागचा चाप ओढला. तेवढ्यांत एक हरिणी पाडसासह मध्यें आली. त्यांनीं बोट काढून घेतलें, श्वास रोखून सावकाश बोल्ट उघडला आणि मग कपाळावरचा घाम पुसला. घरीं परततांना म्हणाले, "बाळ, हा चाप चढवावयास कोणीही शिकतो. चढलेला उतरवितां आला पाहिजे."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला पुढें आजीनें सांगितलेल्या हकीकतीवरून कळला. १९४८ च्या उन्हाळ्यांत निजामाच्या राज्यांत रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. हिंदूंच्या घरांत भीति होती. आणि उद्यां काय होईल या विचारानें कांहीं मुसलमान घरांतही ती शिरली होती. ज्याच्याकडे रायफल त्याच्याकडे लोक येत. कोणी ती मागावयास, कोणी त्याला चेतवावयास. एका रात्रीं खाँसाहेब मागल्या दारानें आले आणि पंचांत गुंडाळलेला मौझरचा बोल्ट त्यांनीं आजोबांपुढें ठेवला. आजोबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आंत जाऊन आपल्या रायफलीचा बोल्ट काढला आणि त्याच पंचांत गुंडाळून त्यांच्या हातीं दिला. या रायफलींचा बोल्ट हत्यारावांचून क्षणांत निघतो; आणि तो निघाला कीं मागें राहते ती लांकडांत बसविलेली लोखंडी नळी. एकीचा बोल्ट दुसरींत बसत नाहीं. कोणीं विचारलेंच, तर बोल्ट दुरुस्तीस हैदराबादेस धाडला आहे असें दोघांनींही सांगावयाचें ठरलें.

१३ सप्टेंबर रोजीं भारतीय फौजा राज्यांत शिरल्या आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. भीतीनें आपलें घर बदललें. त्यानंतर आठ रात्री आजोबा मांडीवर मॅन्लिखर घेऊन खाँसाहेबांच्या ओट्यावर बसले. ती उडणार नाहीं हें त्यांना ठाऊक होतें आणि दाराआड जाग्या असलेल्या खाँसाहेबांना ठाऊक होतें. अंधारांतून जाणाऱ्यायेणाऱ्यांना नव्हतें. त्या ओट्यावर कोणी पाय ठेवला नाहीं. पुढें संक्रांतीच्या दिवशीं तिळगुळाबरोबर दोघांनीं बोल्ट परत केले, चष्मे लावून बोल्टवरचे व नळीवरचे आंकडे जुळवून पाहिले, आणि मॅन्लिखर बरी कीं मौझर यावर पुनः भांडावयास सुरुवात केली.

१९७२ सालीं वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. काळविटाला त्यानें पहिल्या अनुसूचींत जागा दिली, आणि दोघा म्हाताऱ्यांनीं कुरकुर न करतां रायफली कपाटांत ठेवल्या. खाँसाहेबांच्या पश्चात् त्यांच्या मुलांनीं मौझर सरकारजमा केली. आमच्या मॅन्लिखरचीं काडतुसें केव्हांच संपलीं. निवडणूक आली कीं मी ती ठाण्यांत नेऊन देतों आणि निकाल लागल्यावर परत आणतों. माझा मुलगा पुण्यास असतो. "बाबा, मला ती नको," असें त्यानें स्पष्ट सांगितलें आहे. प्रथम मला वाईट वाटलें. आतां वाटत नाहीं. ज्यानें तो ओटा पाहिला नाहीं त्याच्या गळ्यांत ती कां बांधावी? माझ्यामागें तीही सरकारजमा होईल.

तोंपर्यंत मात्र दरसाल खंडेनवमीस मी तिला पुसून तेल लावतों. बोल्ट हातांत घेतला कीं प्रत्येक वेळीं मनांत येतें, हा कांहीं महिने दुसऱ्याच्या घरीं पाहुणा होता. पुढच्या खेपेस त्या कारकुनानें पुनः विचारलें, तर उत्तर तयार आहे. मी म्हणेन, "बाळ, ह्या रायफलीनें किती जनावरें मारलीं याची टांचणवही आमच्या घरीं होती, ती हरवली. मी रायफल ठेवली आहे ती त्या आठ रात्रींसाठीं, ज्या रात्रीं ती उडूं शकत नव्हती."