अडवलं नाही, एवढंच

बारावीचा निकाल लागला त्या रात्री आमच्या लेकीने पुण्याला शिकायला जायचा विषय काढला. आम्ही म्हणालो, "बेटा, तुला कोणी अडवलंय का?" ती म्हणाली, "अडवलं नाही अब्बू. पण फी कोण भरणार, राहायचं कुठे, हे तरी कोण बोलतंय?"

वर्गात उर्दू आणि मराठी शिकवण्यात आमची वीस वर्षं गेली, पण दोन शब्दांमधला फरक त्या रात्री नीट कळला. आझादी म्हणजे बंधन नसणं. खुदमुख्तारी म्हणजे आपला निर्णय आपल्या हाती असणं. जवळपास हाच फरक आयझाया बर्लिन यांनी 31 ऑक्टोबर 1958 रोजी ऑक्सफर्डच्या व्याख्यानात मांडला होता. एक स्वातंत्र्य विचारतं, माझ्या वाटेत कोणी आडवं येतंय का? दुसरं विचारतं, माझ्यावर हुकूम कोणाचा? बर्लिन यांना धास्ती होती ती दुसऱ्याची. लहानपणी पेट्रोग्राडमध्ये त्यांनी रशियन क्रांती पाहिली होती. 'तुझं खरं हित आम्हालाच कळतं' असं म्हणत माणसाला दावणीला बांधता येतं, हे ते जाणून होते. (घरोघरचे बाप हेच बोलतात. आम्हीही.)

पण नुसतं न अडवणं पुरतं का? अमर्त्य सेन यांनी कादर मियांची हकिकत लिहिली आहे. ढाक्यात दंगल पेटली होती. घरात खायला काही नव्हतं, म्हणून बायको नको म्हणत असतानाही हा मुस्लिम मजूर हिंदू वस्तीत कामाला आला आणि भोसकला गेला. लहानग्या सेन यांनी त्याला पाणी पाजलं, वडिलांनी इस्पितळात नेलं. तिथे तो गेला. घरी थांबायला त्याला कोणत्याही कायद्याची मनाई नव्हती. मनाई होती ती रिकाम्या चुलीची. हे वाचल्यावर 'तुला कोणी अडवलंय का' हा आमचा प्रश्न आम्हालाच बोचू लागला.

दुसऱ्या दिवशी तिच्या अम्मीने लग्नासाठी ठेवलेल्या एफडीची पावती कपाटातून काढून समोर ठेवली. हिशेब जमला. मग विषय निघाला कोर्सचा. तिला संख्याशास्त्र हवं, आमच्या मनात डीएड. 'पैसे आमचे आहेत ना?' हे अगदी ओठांवर आलं होतं. अम्मीने आमच्याकडे पाहिलं. आम्ही चहाचा कप उचलला.

अर्ज तिनेच भरला. तिने बोट ठेवलं तिथे आम्ही सही केली. डीएडचं माहितीपत्रक अजून आमच्या टेबलावर आहे.