नाटक अख्खं बघायचं!

मैत्रिणींनो, एक साधासा प्रश्न विचारते. तुम्ही शेवटचं नाटक कधी पाहिलंत? आठवलं? मग आता दुसरा प्रश्न. ते अख्खं पाहिलंत का?

अख्खं म्हणजे तिसऱ्या घंटेपासून शेवटचा पडदा पडेपर्यंत, एका खुर्चीत बसून, दोन्ही कान रंगमंचाकडे लावून. मधेच कुणाला बाहेर ‘शू’ला न्यावं लागलं नाही, अंधारात घड्याळ बघितलं नाही, ‘दूध वर ठेवलं असेल ना कुणी?’ हा विचार डोक्यात आला नाही, असं नाटक. तुम्ही म्हणाल, हे काय विचारणं झालं! पण जरा आठवून बघा बरं. मोजायला उचललेली बोटं बऱ्याच जणींची तशीच थांबतील, अशी माझी खात्री आहे.

आमच्या सासूबाईंकडे तर अशा अर्ध्या नाटकांचा साठाच आहे. त्यातली १९८१ सालची हकीकत घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्नाला तीन वर्षं झालेली, वन्सं दीड वर्षाच्या. सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात ‘ती फुलराणी’ची तिकिटं काढली. पु. ल. देशपांड्यांचं, भक्ती बर्वे यांनी गाजवलेलं हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आलं आणि तेव्हापासून जो तो त्याचंच कौतुक करत होता. सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून गेल्या. नाटक जेमतेम रंगात आलं आणि वन्संनी सूर लावला! सासूबाई मुलीला घेऊन उठल्या त्या बाहेरच. उरलेलं नाटक त्यांनी दाराबाहेर येरझारा घालत ‘ऐकलं’. आतून हशा आला की समजायचं, काहीतरी गंमत झाली. टाळ्या आल्या की समजायचं, कुणीतरी छान काम केलं. शेवट काय झाला, ते सासऱ्यांनी घरी येताना स्कूटरवर सांगितलं. त्यातलंही निम्मं वाऱ्यावर उडून गेलं!

हे सांगताना सासूबाई हसतात, आम्हीही हसतो. पण एकदा भांडी आवरता आवरता माझ्या मनात आलं, यात हसण्यासारखं नेमकं काय आहे? कारण त्यानंतर घरात नाटकाची गोष्ट निघाली की त्यांचं उत्तर ठरलेलं : “तुम्ही जा. मी घर बघते.”

आता आमच्या भिशीबद्दल सांगते. आम्ही कोथरूडच्या एका सोसायटीतल्या अकरा जणी. कुणी नोकरीवाल्या, कुणी घर सांभाळणाऱ्या. मी सकाळी बालवर्गाला शिकवते आणि दुपारपासून घर, म्हणजे दोन्हीकडची अर्धी अर्धी! भिशीच्या पैशांव्यतिरिक्त दर महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये आम्ही वेगळ्या डब्यात टाकतो. पाच महिन्यांत पाचशे होतात, एका तिकिटापुरते. असं वर्षातून दोनदा नाटक ठरतं. नवऱ्याकडे मागायला नको आणि ‘या महिन्यात जमत नाही’ म्हणायलाही नको, कारण पैसे आधीच गेलेले असतात. एकदा पैसे भरले की बाई सहसा घरी राहत नाही, हा आमचा अनुभव.

दोन-चार नियमही अनुभवानं ठरले आहेत. तारीख महिनाभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहायची, म्हणजे त्या दिवशी पाहुणे बोलावले जात नाहीत. प्रयोग शक्यतो संध्याकाळी साडेपाचचा घ्यायचा. रात्री साडेनऊचा घेतला तर घरी यायला मध्यरात्र उलटते आणि सकाळचा डबा डोळ्यांपुढे नाचू लागतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना कडेच्या खुर्च्या. निघताना एकच पातेलं शिजवून ठेवायचं. आठवडाभराचा स्वयंपाक एका दिवशी करून नाटकाला जायचं, तर नाट्यगृहात डुलक्याच येणार! आणि परत येताना सगळ्यांनी मिळून यायचं.

२०२३ च्या डिसेंबरातला एक शनिवार ठरला. नाटक होतं ‘चारचौघी’. प्रशांत दळवींनी लिहिलेलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेलं. १९९१ साली पहिल्यांदा आलं तेव्हाही त्यावर खूप बोललं गेलं होतं. २०२२ मध्ये तेच लेखक-दिग्दर्शक ते नव्या संचात पुन्हा घेऊन आले : रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे. नाटक ठरलं आणि आठ दिवस आधी आमच्यातल्या एकीला अचानक माहेरी जावं लागलं. एक तिकीट उरलं.

मी सासूबाईंना म्हटलं, “आई, तुम्ही चला.”

“माझं काय काम तुम्हां पोरींत? आणि घरी कोण?”

“घरी हे आहेत, बाबा आहेत.”

“म्हणजे कुणीच नाही!”

शेवटी मी म्हटलं, “पाचशे रुपये फुकट जातील हो.” मैत्रिणींनो, पटवण्याच्या शंभर गोष्टींहून ही एक गोष्ट कामाला आली. विषयाचीही मी आधीच कल्पना दिली. आई आणि तिच्या तीन मुली. आईनं लग्न न करता एका विवाहित माणसापासून झालेल्या मुली एकटीनं वाढवलेल्या, आणि आता मुलींचे आपापले प्रश्न. सासूबाई म्हणाल्या, “मी काय दूधखुळी आहे? बघेन की.”

शनिवारी सकाळीच त्यांनी डाळ भिजत घातली, दोन भाज्या निवडायला घेतल्या. मी सूप काढून घेतलं. मुगाची खिचडी, कढी, पापड, बस्स. मग त्यांनी सासऱ्यांना गोळ्यांची डबी दाखवली. एकदा नव्हे, तीनदा.

आनंदनगरहून आम्ही मेट्रोनं निघालो. गरवारे कॉलेजच्या पुढं ही मेट्रो १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली आणि आम्हां बायकांची मोठी सोय झाली. संभाजी उद्यानाच्या स्टेशनावर उतरलं की चार पावलांवर रंगमंदिर. सासूबाईंनी दारातूनच इकडे तिकडे बघितलं. “हं, इथंच. इथंच मी फिरत होते हिला घेऊन.”

आत बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, चित्रकार देऊस्करांनी काढलेली. एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. आम्ही त्यांच्यापुढं जरा थांबलो. ज्यांच्या नावाचं हे रंगमंदिर, त्या बालगंधर्वांच्याच हस्ते १९६२ साली त्याचं भूमिपूजन झालं. २६ जून १९६८ ला, त्यांच्या वाढदिवशी, ते सुरू झालं, पण आदल्याच वर्षी ते गेले होते. त्यांच्या काळी नामांकित नाटक मंडळ्यांत बायकांची कामं पुरुषच करत. बायका बघायला येत त्या वेगळ्या बसत आणि घरी जाऊन बालगंधर्वांसारखं पातळ नेसत. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’नं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यात बायकांची कामं बायकांनीच केली. आज तिथंच चार बायकांचं नाटक, आणि बघायला आम्ही अकरा जणी! चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “चला गं, चित्रच बघत बसाल तर पहिला प्रवेश जाईल.”

घंटा झाली, दिवे मंदावले. मी नाटकाकडे बघत होते आणि मधूनमधून शेजारी सासूबाईंकडे. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. हळूहळू ती पकड सैल झाली.

आणि मध्यंतरात फोन आला. आम्ही बटाटेवड्यांच्या रांगेत होतो. सासरे विचारत होते, “अगं, ती गोळी जेवणाआधी की जेवणानंतर? आणि नातू विचारतोय, आजी कधी येणार?”

तीनदा दाखवलेली गोळी! सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, फोन ठेवला आणि पर्स खांद्याला लावली.

“मी होते पुढं. मेट्रो आहेच. तुम्ही बघा निवांत.”

माझ्या पोटात धस्स झालं. बेचाळीस वर्षांनी, त्याच दारात, तेच! आणि बोलायची चोरी. वडीलधाऱ्या बाईला ‘जाऊ नका’ असं दहा जणींत कसं सांगायचं? मी बाजूला होऊन ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, “गोळी देतो मी. आईला सांग, आम्ही तिघं इथं मजेत आहोत. नाटक टाकून आलीस तर दार उघडणार नाही म्हणावं!”

तोवर चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी सासूबाईंचा हात धरला होता. त्या त्यांच्याच वयाच्या, त्यामुळे त्यांना बोलायचा अधिकार. “अहो, गोळी काय, डबीतच आहे. सापडेल त्यांना. शेवट कोण सांगणार आपल्याला? पुन्हा स्कूटरवर ऐकायचाय का?”

ती हकीकत सोसायटीतही पाठ आहे ना!

आतून घंटा वाजली. सासूबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग पर्स उघडली, फोन काढला आणि माझ्यापुढं धरला. “हा बंद कसा करतात गं?”

इतकी वर्षं फोन वापरतात, पण तो बंद करायची वेळ कधी आलीच नव्हती! मी बटण दाखवलं, दाबलं मात्र त्यांनीच.

परतीच्या मेट्रोत आमच्या बायकांना कंठ फुटला. धाकट्या मुलीला दोघं मित्र आवडतात आणि तिला दोघांबरोबरही संसार करायचाय, हे निम्म्या जणींना मुळीच पटलं नाही. बँकेतल्या वहिनी तिची बाजू घेऊन हिरिरीनं भांडत होत्या. “पटलं नाही म्हणजे चूक आहे असं होतं का?” काकू म्हणाल्या, “माझ्या नातीनं असं विचारलं तर मी काय सांगू, ते तुम्ही सांगा आधी!” कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. खरं सांगू? भिशीत आम्ही भाजीचे भाव आणि शाळेच्या फिया यांवर बोलतो. एवढं मोकळं, एवढं आपलं असं त्या दिवशीच बोललो.

सासूबाई मात्र गप्प होत्या. मला काळजी वाटली, आवडलं नाही की काय? नळ स्टॉप गेला आणि त्या बोलल्या. नाटकात थोरल्या मुलीचा टेलिफोनचा एक लांब प्रवेश आहे. तिच्या नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे, ती त्याच्याशी फोनवर बोलते आणि आपल्याला फक्त तिचीच बाजू ऐकू येते. मुक्ता बर्वे रिसीव्हर धरून एकट्या, आणि सगळं प्रेक्षागृह चिडीचूप.

सासूबाई म्हणाल्या, “ती फोनवर बोलत होती ना, तेव्हा मला सारखं वाटत होतं, आता ठेवेल, आता ठेवेल. ठेवला नाही तिनं. सगळं बोलली आणि मग ठेवला. आम्ही मेले निम्मं बोलून ठेवत आलो.”

मग आनंदनगर येईपर्यंत वहिनीसुद्धा काही बोलल्या नाहीत.

मैत्रिणींनो, नाटक ही करमणूक आहे, ती चुकली म्हणून कुणाचं काही अडत नाही, असं आपण म्हणतो आणि अर्ध्यातून उठतो. पण अर्ध्यातून उठायची सवय नाटकापुरती राहत नाही. ती जेवणाच्या पानावर येते, पुस्तकाच्या पानावर येते, बोलण्यात येते. घर तर आपलंच आहे, ते बघायलाच हवं. पण वर्षातून दोनदा, तीन-साडेतीन तास, घरानं घराकडे बघितलं तर काय बिघडतं? तुमची भिशी असेल, भजनी मंडळ असेल, शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या मुलांच्या आयांचा घोळका असेल. एक डबा ठेवा आणि दरमहा त्यात पैसे टाका. आणि जाताना घरातल्या एखाद्या ‘तुम्ही जा, मी घर बघते’ म्हणणाऱ्या बाईचंही तिकीट काढा.

घरी पोचलो तर खिचडीचं पातेलं पाण्यात भिजत घातलेलं होतं, नातू झोपला होता. सासरे वाट बघत जागे होते. गोळी घेतल्याचं त्यांनी आधी सांगितलं, न विचारताच. मग म्हणाले, “काय मग? शेवट काय झाला?”

सासूबाई शालीची घडी घालत होत्या. घडी पुरी करून म्हणाल्या, “मी नाही सांगणार. तिकीट काढा आणि अख्खं बघा.”

आणि गेले की दोघं! पुढच्या फेब्रुवारीत, जोडीनं. त्या संध्याकाळी कुकर आम्ही लावला, आणि मध्यंतरात फोन कुणी करायचा नाही, हे नातवाला आधीच बजावून ठेवलं होतं.