धुराच्या चवीचें बांबेर्ग

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत, रेग्निट्झ नदीच्या कांठीं व सात टेकड्यांवर बांबेर्ग हें जुनें शहर वसलेलें आहे. सम्राट् दुसरा हेन्री यानें सन १००७ मध्यें येथें बिशपचें पीठ स्थापिलें. त्याची व त्याच्या राणीची समाधि येथील कॅथीड्रलांत आहे. १९९३ पासून या शहराची गणना जागतिक वारसास्थळांत होते. तथापि पुष्कळ प्रवासी येथें येतात ते तेथील लहान लहान कारखान्यांची बियर चाखावयास. चिरंजीवांच्या नोकरीमुळें आमचा मुक्काम जवळच्या एर्लांगेन गांवीं होता. संस्कृतज्ञ कवि रुकर्ट यानें १८२६ ते १८४१ पर्यंत अध्यापन केलें तें हेंच गांव. तेथून एके दिवशीं आम्ही आगगाडीनें बांबेर्गला गेलों.

संस्कृतच्या मास्तरांचें बियरशीं काय काम, असें वाचक विचारतील. सौत्रामणी यागांत सुरा लागते, आणि तिच्या साहित्यांत शष्प, तोक्म, लाजा व नग्नहु हे शब्द येतात. शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेले जव, लाजा म्हणजे लाह्या व नग्नहु म्हणजे सुरेचें विरजण. हे अर्थ मीं वर्षानुवर्षें सांगितले. परंतु तोक्म कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. चिरंजीवांचे एक स्नेही घरीं बियर करितात. त्यांनीं मोड आणून वाळविलेल्या जवांचे मूठभर दाणे माझ्या हातावर ठेविले. यासच माल्ट म्हणतात. दाणा चावून पाहिला, तों आपल्या नाचणीच्या सत्त्वासारखा गोड!

मोड फुटूं लागला म्हणजे दाण्यांतील पिठाची साखर होण्याची सिद्धता होते. मग मोड तेथेंच थांबविण्याकरितां दाणे आंचेवर वाळवावे लागतात. पूर्वीं ही आंच बहुधा लांकडांची असे. धूर दाण्यांत शिरे व तोच पेल्यांत उतरे. पुढें धूर बाजूस काढून नुसत्या उष्ण हवेनें दाणे वाळविण्याची युक्ति निघाली, आणि जगांतील बहुतेक बियरची धुराची चव गेली. बांबेर्गांतील श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या दोन घरांनीं मात्र बीच वृक्षाच्या लांकडांचा धूर सोडला नाहीं. पहिल्याचा उल्लेख १४०५ पासून मिळतो. दुसरें १५३६ चें. जें एके काळीं सर्वांचें होतें, तें या दोघांनीं न टाकल्यामुळें आज त्यांचें वैशिष्ट्य ठरलें आहे.

आतां चवीविषयीं. धर्मशास्त्रानें गौडी, पैष्टी व माध्वी अशी त्रिविध सुरा ब्राह्मणास निषिद्ध ठरविली आहे. बियर ही उघडच पैष्टी. आमच्या घरीं मद्य आलें नाहीं व येणारहि नाहीं. परंतु दुसऱ्याच्या जिभेनें चव वर्णन करणें मला प्रामाणिकपणाचें वाटेना. म्हणून चिरंजीवांच्या पेल्यांतील चार-चार घोट घेतले व तेथेंच थांबलों.

श्लेंकेर्लाचें गृह कॅथीड्रलच्या टेकडीखालीं आहे. काळवंडलेल्या तुळया, लांकडी बांकें, आणि लांकडी पिपाच्या तोटींतून थेट पेल्यांत पडणारी गडद तपकिरी मेर्त्सेन बियर. तिच्यांत मद्यार्क शेंकडा पांचांच्या किंचित् वर असतो. तिच्या वासास तेथील लोक धुरावलेल्या डुकराच्या मांसाची उपमा देतात. आम्हां शाकाहाऱ्यांस तिचा काय उपयोग? सौभाग्यवतींनीं पेला हातीं न घेतां दुरूनच वास घेतला व म्हणाल्या, "अहो, ही तर तुपाहिंगाची धुरी दिलेल्या ताकाची जात!" याहून नेमकें वर्णन मला साधलें नसतें. पहिल्या घोटास धूरच धूर; मागून हॉप्स नांवाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा; आणि शेवटीं, कान देऊन ऐकावा तसा, दाण्याचा गोडवा.

श्पेत्सिआल नदीपलीकडे आहे. त्यांची बियर तांबूस व सौम्य. होम आटोपल्यावर उपरण्यास जेवढा धूर राहतो तेवढाच तिच्यांत. नवख्यास हीच अधिक रुचेल. परंतु स्मरणांत राहते ती पहिलीच, कारण ती पिणाराची मर्जी राखीत नाहीं.

वरील चार शब्द आमच्या परंपरेनें स्वरांसह जपले. मात्र पाठशाळेंत दाणा दृष्टीआड राहिला. बांबेर्गच्या त्या दोन घरांनीं दाणा, लांकूड व आंच हीं जपलीं. शब्द आणि वस्तु यांची भेट व्हावयास परदेशींच जावें लागतें असें मात्र नाहीं. अजूनहि अनेक घरांत नाचणीस मोड आणून सत्त्व करितात. तोक्म हा शब्द शिकवावयाचा असेल, तर गुरुजींनीं मुलांस आधीं त्या स्वयंपाकघरांत न्यावें, व कोश मागाहून उघडावा.