यादी कोठें संपते?

गणित सुटलें कीं वही मिटावी, ही विद्यार्थ्यांची जुनी खोड. संगणकाच्या तासासही आम्ही तीच पाहतों. पडद्यावर अपेक्षित अंक उमटला कीं काम संपलें. परंतु एक उत्तर बरोबर येणें निराळें व रीत बरोबर असणें निराळें. हा भेद मुलांच्या मनावर ठसविण्यास फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधील याद्यांसारखें साधन आम्हांस दुसरें आढळलें नाहीं.

या पद्धतींत यादीचे दोन भाग कल्पितात: पहिला अंक व बाकीची यादी. बेरीज हवी असल्यास बाकीच्या यादीची बेरीज करून तींत पहिला अंक मिळवावा. बाकीच्या यादीची बेरीज कशी करावी? त्याच रीतीनें. फंक्शन असें स्वतःसच बोलावितें, व प्रत्येक वेळीं यादी एका अंकानें आंखूड होते. यास रिकर्शन म्हणतात. जॉन मॅकार्थी यांनीं सन १९५८ मध्यें आरंभिलेल्या लिस्प भाषेचा हा पायाच होय.

नांव नवें असलें तरी चाल जुनी आहे. भास्कराचार्यांच्या सन ११५० मधील ‘लीलावतीं’त कुट्टक प्रकरणीं एक प्रश्न आहे: २२१ ला कोणत्या अंकानें गुणून ६५ मिळविले असतां १९५ नें निःशेष भाग जाईल? १३ नें संक्षेप करितां २२१, ६५ व १९५ यांचे अनुक्रमें १७, ५ व १५ होतात. १७ ला १५ नें, मग १५ ला उरलेल्या २ नें भागितां भागाकार १ व ७ येतात. त्यांखालीं ५ व ० मांडले कीं १, ७, ५, ० अशी उभी वल्ली, म्हणजे यादीच, तयार होते. शेवटून दुसऱ्या अंकानें त्याच्या वरच्यास गुणावें, शेवटचा मिळवावा व तो टाकून द्यावा: १, ३५, ५. पुनः तेंच: ४०, ३५. दोनच अंक उरले कीं थांबावें. ४० ला १७ नें व ३५ ला १५ नें भागितां ६ व ५ उरतात. पडताळा पाहा: २२१ × ५ + ६५ = ११७०, आणि १९५ × ६ = ११७०. कोठें थांबावें व उत्तर कसें तपासावें, हीं दोन्ही येथें आहेत.

आमच्या एका विद्यार्थ्यानें यादींतील सर्वांत मोठा अंक काढणारें फंक्शन लिहिलें. रिकाम्या यादीचें उत्तर त्यानें शून्य धरिलें होतें. गुणांच्या यादीवर तें सुरेख चाललें. मग आम्हीं उणे ३ व उणे ८ हे अंक दिले. उत्तर आलें शून्य. यादींत नसलेलाच अंक! बेरजेस रिकाम्या ठिकाणीं शून्य शोभतें, गुणाकारास एक; परंतु सर्वांत मोठा अंक तेथें नाहींच, आणि ‘नाहीं’ म्हणणें हेंच खरें उत्तर. हास्केल भाषेंत तसें म्हणण्याची सोय आहे. आम्हीं त्यास निकालपत्रक दाखविलें. आजारामुळें परीक्षेस न बसलेल्या मुलापुढें आपण ‘गैरहजर’ लिहितों, शून्य लिहीत नाहीं. लिहिलें तर त्या मुलावर अन्याय होईल. तो क्षणभर थांबून म्हणाला, “सर, मग रिकामी यादी पहिल्यानें तपासूं?”

तोच मार्ग योग्य. प्रथम रिकामी यादी, मग एका अंकाची, मग समान व उणे अंकांची. पुढें नियमच सांगावा: उत्तर यादींत असावें व यादींतील कोणताही अंक त्याहून मोठा नसावा. कोएन क्लासेन व जॉन ह्यूज यांचें सन २००० मधील क्विकचेक हें साधन यदृच्छेनें याद्या बनवून असा नियम मोडतो काय तें पाहतें. तथापि शंभर याद्या उतरल्या म्हणजे सिद्धता झाली असें नव्हे. सर्वांत लहान यादीवर रीत खरी, आणि बाकीच्या यादीवर खरी असल्यास पूर्ण यादीवरही खरी, एवढें दाखविलें म्हणजे शंकेस जागा उरत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, वही त्यानंतर मिटावी.