चोपन्न वाटा

चैत्रात गडचिरोलीत रात्री वीज गेली की मोहाचा दरवळ खिडकीच्या आणखी जवळ येतो. लॅपटॉपची बॅटरी तेवढी जागी असते, पडद्याचा फिकट उजेड उघड्या वहीवर सांडतो आणि त्या उजेडात मी देवळालीच्या शाळामास्तरांची, द. रा. कापरेकरांची १९४९ सालची वजाबाकी पुन्हा मांडून बसतो: चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक आधी उतरत्या क्रमाने लिहायचे, मग चढत्या, मोठीतून धाकटी वजा करायची आणि जे उरेल त्याच्यावर पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसले, तर फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते.

येतेच.

कापरेकरांनी ही वाट हाताने चालून काढली. माझ्या सोबतीला पायथनमधल्या दहा-बारा ओळी आहेत. त्यांना ना बटणे, ना सजावट. माझ्या एका प्रश्नापुरत्याच त्या लिहिलेल्या. त्यांतली एक ओळ मला फार प्रिय आहे. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात. तेवढेच धरून पुढे गेले, तर ९९९ मधून ९९९ जाऊन सारेच विझते. पण डावीकडचे शून्य जपून ०९९९ लिहिले की ८९९१ उजळतो, मग ८०८२, मग ८५३२ आणि मग ६१७४. माझी ती ओळ एवढेच करते, शून्य हरवू देत नाही.

एकदा त्या ओळींकडून कोणती संख्या कुठे जाते याचे बाण काढून घेतले आणि पडद्यावर हा आपला मुलूखच उमटला: कठाणी वैनगंगेत उतरावी, वैनगंगेने चपराळ्याच्या रानापाशी वर्धेला भेटून प्राणहिता व्हावे आणि प्राणहितेने सिरोंच्याला गोदावरी गाठावी, तशा साऱ्या संख्या एकमेकींत मिसळत एकाच पाण्याकडे निघालेल्या. मी कितीतरी वेळ नुसता पाहत राहिलो. मग सहज विचारले, पहिल्याच वजाबाकीनंतर वेगवेगळी उत्तरे किती उरतात?

९,९९० संख्यांमधून फक्त ५४.

यंत्र एवढे सांगून थांबले, आणि ते थांबते म्हणूनच मला ते आवडते. पेन्सिल हाती घेतली. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक ९९९ पट, मधल्या दोघांतला फरक ९० पट. त्यांची बेरीज म्हणजेच ती वजाबाकी. संख्या कोणतीही असो, पुढे जातात ते हे दोन फरक, आणि त्यांच्या जोड्या होतात बरोबर ५४. ते कळले तेव्हा अंगावर जो शहारा आला, तो प्रोग्रामला ठाऊक नाही. पण त्या आकड्याशी मला आणून उभे केले ते त्यानेच.

पाच अंकी संख्यांत मधला अंक वजाबाकीत आपोआप गळून जातो. तिथेही फरक दोनच, जोड्या पुन्हा ५४. तरी तिथे संगम एक नाही, तीन भोवरे आहेत. ५३९५५ आणि ५९९९४ तर जन्मभर एकमेकांकडेच फिरत राहतात. जोड्या तेवढ्याच असून एकीकडे एकच मुक्काम आणि दुसरीकडे तीन, हे कशाने? सहा अंकांत फरकही तीन होतात. फाइलमध्ये पाचाच्या जागी सहा लिहिले आहेत, आणि वहीचे पान उलटून त्या तीन फरकांना नावे देत बसलो आहे.